गोपाळरावांची खुर्ची

महाल वस्तीतल्या जुन्या वाचनालयाच्या सभागृहात कामिनीताईंची नाटकवाली मंडळी दर महिन्याला एक कथा वाचून सादर करतात. सभागृहाचं वय शंभराच्या पुढे, आणि पंखे तर त्याहूनही जुने वाटावेत असे कुरकुरणारे. पण रीत म्हणजे रीत. पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची लेखकाची. लेखक हयात असला तर तो बसतो. नसला तर खुर्चीला झेंडूचा हार घालून सगळं सभागृह दोन मिनिटं उभं राहतं.

या वेळची कथा चाळीस वर्षांपूर्वीच्या एका दिवाळी अंकात सापडली होती. लेखक गोपाळराव, कुही गावचे शाळामास्तर. त्यांची परवानगी आणायचं काम मंडळीतल्या अपेक्षाकडे होतं, कारण कथा तीच वाचणार होती. कुही काही सातासमुद्रापार नाही. पण बाहेर मे महिना होता आणि तिच्या हुडकेश्वरच्या घरात कूलर. दोन रविवार बाईसाहेब लोळत राहिल्या. तालमीत कामिनीताई म्हणाल्या, नंबर दे, मीच बोलते मास्तरांशी. तेव्हा हिच्या तोंडून निघून गेलं की मास्तर वारले, मुलाने परवानगी दिली आहे. मेलेल्या माणसाला कोणी फोन लावत नाही, एवढा हिशेब तिला बरोबर जमला. कामिनीताई हळहळल्या. पेपरातल्या प्रयोगाच्या बातमीत मास्तरांच्या नावाआधी ‘दिवंगत’ छापून आलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी अपेक्षा दारावर तिकिटं बघत होती. कापडी पिशवी घेतलेला एक म्हातारा तिकीट पुढे करून हळूच म्हणाला, “मी गोपाळराव. कुहीचा. गोष्ट माझीच आहे.”

अपेक्षा दोन पावलं मागे सरली.

“भेऊ नको वं पोरी, भांडाले नाही आलो. मागं बसतो, कोणाले सांगू नको.” त्यांनी पिशवीतून घडी घातलेला पिवळा कागद काढला. “छापणाऱ्यानं तेव्हा शेवटचं पान गाळलं होतं. हे वाचणाऱ्याले देजो.”

वाचणारी मीच, हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. कागद पर्समध्ये टाकून तिने त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं.

पडदा सरकला. कामिनीताईंनी खुर्चीला हार घातला आणि सगळे उभे राहिले. मंचावरून अपेक्षाने मागे पाहिलं. गोपाळरावही हात जोडून, मान खाली घालून उभे होते. स्वतःसाठी. ती दोन मिनिटं काही केल्या सरेनात. आपण या माणसाला जिवंतपणी मारलं, तेही कूलरच्या हवेसाठी, या विचाराने तिला स्वतःची किळस आली.

तिने कथा वाचली, छापलेल्या शेवटापर्यंत. टाळ्या सुरू झाल्या. आता नुसता नमस्कार करून आत जायचं होतं. कोणाला काही कळलं नसतं. पण मागच्या रांगेतला म्हातारा टाळ्या वाजवत नव्हता. तो पुढे वाकून वाट बघत होता.

ती विंगेत गेली, पर्समधला कागद घेऊन परत आली. माईक जवळ ओढून ती म्हणाली,

“गोष्ट संपलेली नाही. शेवटचं पान राहिलंय. ते लेखकांनी आज स्वतः आणून दिलं. ते वारले हे मी खोटं सांगितलं होतं. मी कुहीला गेलेच नव्हते.”

 कामिनीताईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग खाली उतरून खुर्चीवरचा हार काढला आणि हात जोडून माफी मागत मास्तरांना पुढे बोलावलं. ते उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत.

“हार चढलेल्या त्या खुर्चीवर नाही बसत मी आता,” ते म्हणाले. “इथूनच ऐकतो. वाच.”

तिने वाचलं. अक्षरं डोळ्यांपुढे पोहत होती, तरी एकही शब्द गाळला नाही. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली, आणि ती कोणामुळे रिकामी आहे हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.