प्रतीक्षाचा उजवा हात

कुलदीपनं नवा कॅसिओ आणला आणि प्रतीक्षाची खुर्ची गेली. तसं तिला कुणी हाकललं नाही. मोताळ्यातल्या ऑर्केस्ट्राचे मालक शेषरावभाऊ तोंडातलं पान सांभाळत एवढंच म्हणाले, "पोरी, याचा डावा हात आता कॅसिओवरच बास वाजवून राह्यला. मंग तुया बास गिटारचं काय लोणचं घालू? डोणगावच्या लग्नाले तू नोको येजो."

कुलदीप गालात हसला. घ्या! चार वर्षं ज्या पोरीच्या बासनं याच्या घसरलेल्या धुना सावरल्या, तिलाच हा हसला! प्रतीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या गावात ती स्टेजवर बसणारी एकटीच पोरगी. ती खुर्ची गेली की उरलं काय? कापूस वेचायचा, आणि 'हिचं लग्न कधी' हे ऐकायचं.

"याचा डावा हात माहं काम करते ना?" ती उठत म्हणाली. "मंग माहा उजवा हात याचं काम करन. डोणगावच्या आधी तालीम हाये, तवा पाह्यजा."

बोलून तर बसली. आता निस्तरा.

मोबाईलवर तिनं एकाला तसं वाजवताना पाहिलं होतं. तार छेडायचीच नाही. दोन्ही हातांची बोटं गिटारच्या मानेवर आपटायची, बोट पडलं की सूर निघतो. डाव्यानं बास धरायचा, उजव्यानं धून. पाहायला सोपं! करायला गेली तर डावं बोट पडलं की उजवंही त्याच्याच मागं धावे, आणि मोकळ्या तारा मधेच गुणगुणत त्या वेगळ्याच.

"माय वं, टिनावर माकडं नाचून राह्यले का?" आई, गोजरबाई, चुलीपासून ओरडली.

प्रतीक्षानं तारा खाली, मानेच्या जवळ आणल्या. वरच्या टोकाला तारांखाली कापसाचा बोळा खोचला, तशी गुणगुण थांबली. पण हातांचं काय करायचं? ते काही केल्या एकमेकांपासून फुटून निघेनात. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दिवस वेचणीचे होते. सकाळी ती आईबरोबर कपाशीच्या ओळीला लागली. डावा हात खालच्या बोंडावर, उजवा वरच्या, कापूस कमरेच्या ओटीत. अशी अर्धी ओळ झाली आणि ती मधेच उभी राहिली.

"काऊन थांबली व?"

"हात पाहून राह्यली."

"हात पाहाशीन तं कापूस कोण वेचन? डोळे फुढच्या बोंडावर ठेव!"

प्रतीक्षा खदखदून हसली. लहानपणापासून तिचे दोन्ही हात आपापलं काम करत आले होते, तिनंच कधी लक्ष दिलं नव्हतं! त्या संध्याकाळपासून ती गिटारकडं न पाहता भिंतीकडं तोंड करून बसू लागली. आधी हळू, मग जरा जलद. बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं चिरलेली, त्यावर तारेचा मार. कळ मस्तकात जाई. "दुखते तं दुखू दे," ती बोटांनाच दटावायची.

तालमीच्या दिवशी आईला राहवलं नाही. वेचणीनंतर सगळे लावतात तसं तिनं लेकीच्या बोटांना खोबरेल चोळलं. प्रतीक्षाही त्याच तेलकट हातांनी गिटार एकदा वाजवून निघाली. एवढी शहाणी पोरगी, पण सवयीपुढं शहाणपण चालतं थोडंच?

तालमीत पहिलंच बोट सटकलं. दुसरं सटकलं. तारा बद्द वाजल्या. कुलदीप आता उघड हसला.

"राहू दे पोरी," शेषरावभाऊ म्हणाले.

"राहू काऊन देऊ?" तिनं तारांखालचा बोळा उपसला, त्याच कापसानं तारा पुसल्या, बोटं पुसली. चीर उकलली, कापूस लाल झाला. कोरडं टोक वर करून तिनं बोळा पुन्हा जागेवर खोचला. मग मान वर केली आणि सरळ कुलदीपच्या तोंडाकडं पाहत सुरू केलं.

डाव्या हातानं बास धरला. उजव्यानं त्याचीच धून उचलली, लग्नात नवरी मांडवात येताना कुलदीप वाजवायचा ती. हातांकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. कुलदीपचं हसू ओसरलं. तो आपल्या डाव्या हाताकडं बघू लागला.

ढोलकीवाला न सांगता मागून ठेका धरू लागला. शेषरावभाऊ पान थुंकायला उठले होते, ते दारातच थबकले.

"कुलदीप," ते म्हणाले, "तुया डाव्या हाताले सुट्टी दे. आन तिची खुर्ची घेऊन ये, तूच."

कुलदीपनं खुर्ची आणली आणि तिच्या मागं ठेवली.

"राहू दे तिथंच," प्रतीक्षा म्हणाली. बोटं थांबली नव्हती. "धून बाकी हाये अजून."