नाहूरच्या सिग्नलनंतर

देवव्रतने आईचा दंड धरून तिला खाली बसवायचा प्रयत्न केला, पण सुनंदाबाई उभ्याच राहिल्या.

"मला बोलायचंय, मॅडम."

न्यायाधीशबाईंनी मान हलवली. आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या भीमराजने वर पाहिलं नाही. नाहूरच्या सिग्नलला लाल दिवा लागत असताना त्याने टेम्पो पुढे रेटला होता आणि रस्ता ओलांडणाऱ्या शरच्चंद्रांना, सुनंदाबाईंच्या नवऱ्याला, धडक बसली होती. गुन्हा त्याने कबूल केला होता. आता शिक्षा तेवढी ठरायची होती.

"चूक यांचीच आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "पण हे पळाले नाहीत. लोक मारायला धावले, तरी यांनी माझ्या नवऱ्याला उचलून टेम्पोत बसवलं, हॉस्पिटलात नेलं, मला फोन लावला. म्हणून ते मला जिवंत भेटले. संध्याकाळपर्यंत बोलत होते माझ्याशी. यांना आत टाकू नका."

"आई, बाबा गेलेत आपले," देवव्रत दबक्या आवाजात म्हणाला.

"मला माहितीये रे."

दुपारी निकाल लागला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर भीमराजला सोडलं. लायसन्स मात्र रद्द झालं.

बाहेर फाटकापाशी तो हात जोडून समोर आला. देवव्रत आईच्या पुढे झाला. तिने त्याला बाजूला केलं.

"काकू, शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं," भीमराज म्हणाला. "झोपच लागत नाही."

"आत लागली असती?"

सुनंदाबाईंनी पदर सावरला. इतके महिने जे विचारायचं राहिलं होतं, ते त्यांनी आता विचारलं.

"टेम्पोत काही बोलले का हो ते?"

"बोलले ना." भीमराज म्हणाला, "मी हॉर्न मारत सुसाट निघालो होतो. तर म्हणाले, 'अरे, हळू चालव. घाबरलायस तू. अजून कुणाला तरी लागेल.'"

सुनंदाबाई एकदम हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, आणि त्या तिथल्या पायरीवर टेकल्या.

"असेच होते ते," त्या म्हणाल्या. "अगदी असेच."

देवव्रत समोरच्या टपरीकडे गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात चहाचे तीन ग्लास होते. पहिला त्याने भीमराजपुढे धरला.

"गरम आहे," तो म्हणाला.