कालमुरातच्या खोलीतला घुमारा

एकतीस वर्षांनी कालमुरातचा फोन आला, तोही गरज पडली म्हणून. "सायकाल, माझी गाणं ऐकायची खोली फार घुमते गं. रविवारी पाहुणे येणार आहेत. तू येऊन बघ ना."

एका लहानशा रेडिओ केंद्रात तो माझा साहेब होता. डोंगरातल्या म्हाताऱ्या असानकुलचं कोमुझ या तीन तारांच्या वाद्याचं वादन मी एकटीने टेप केलं, नाव लागलं कालमुरातचं. तक्रार केली तर नोकरीवरून मलाच काढलं. तेव्हापासून चार लोकांत याची फजिती व्हावी आणि ती मी डोळ्यांनी बघावी, एवढीच माझी इच्छा होती.

गेले. नव्या चकचकीत फरशा, भिंती उघड्या, जुने गालिचे गुंडाळून बाल्कनीत. त्याची बायको बुरुल म्हणाली, "यांना सगळं युरोपसारखं हवं होतं. आता चमचा पडला तरी शेजारी दचकतात."

मी टाळी वाजवली. ती किती तरी वेळ भिंतींवर आपटत राहिली. घरातला एकुलता एक शिर्दाक, चांगला जाड नमदा, त्याने पाहुण्यांच्या मानाच्या जागी अंथरला होता.

"बाइके," मी कालमुरातला म्हटलं; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे असंच म्हणतात. "आवाज फरशीवरून उसळतो तो इथे, स्पीकर आणि खुर्च्यांच्या मध्ये. शिर्दाक पाहुण्यांच्या बुडाखाली घालून काय उपयोग?"

"मानाची जागा उघडी ठेवू? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते रविवारी म्हणतील."

काम बिघडवून निघून जावं, असं क्षणभर वाटलं. पण रविवारी तो असानकुलची तीच टेप लावणार होता, आणि तिच्यावर काय आहे हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं, कारण रेडिओवर शेवट नेहमी कापून लावायचे आणि या घुमाऱ्यात काही कळत नव्हतं. मग मी काम चोख केलं. शिर्दाक पुढे ओढला, खाली एक साधा नमदा घातला. बुरुलला आरसा घेऊन भिंतीलगत सरकायला लावलं. खुर्चीतून आरशात जिथे स्पीकर दिसला, तिथूनच आवाज उलटतो, म्हणून तिथे बाल्कनीतला गालिचा टांगला.

रविवारी मीही पाहुण्यांत बसले. कालमुरात सांगत होता, "त्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून मशीनपाशी बसलो होतो." टेप सुरू झाली. एकेक तार स्वच्छ. शेवटी शेवटी तारांमागून घर्र घर्र ऐकू येऊ लागलं.

"हे कोण घोरतंय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

तेवढ्यात असानकुलचा हलका, पण स्पष्ट आवाज आला. "सायकाल, पोरी, तू चालू ठेव. साहेबाला झोपू दे, घोडीच्या दुधाचा कुमीस जास्त चढलाय त्याला."

खोलीत हशा उसळला. कालमुरात टेप बंद करायला धडपडत उठला. त्याचे कान लालबुंद झाले होते. मला इतका आनंद झाला की लपवावासाही वाटला नाही.

"बंद काय करता, बाइके," मी म्हटलं. "इतका छान आवाज लागलाय. जरा मागे घेऊन परत लावा ना."