मागीलप्रमाणे

माझा डावा गुडघा गेल्याच्या गेल्या बुधवारपासून माझ्या बायकोला दुखतो.

गुडघा माझ्याच पायात आहे, जागेवर आहे. दुखणं तेवढं तिच्याकडे गेलं. गुरुवारी सकाळी मी मांडी घालून चहा प्यायलो आणि भिंतीला हात न लावता उठलो, तेव्हा शालन पलंगावरून म्हणाली, "आई गं." जरा वेळाने म्हणाली, "अहो, हे तुम्ही तीस वर्षं घेऊन हिंडत होतात? मला वाटायचं, बाजारात जायचं नसलं की दुखतं."

"तसंही दुखायचं," मी म्हणालो.

व्यवहार रीतसर झाला आहे. माझ्याकडे पावती आहे.

शालनची उजवी बाजू दीड वर्षापूर्वी गेली. सकाळी डावी शालन उठली, उजवी निजून राहिली, ती अजून निजलेलीच आहे. आमच्या पलंगापासून पुढचं दार अकरा पावलांवर आहे. दाराबाहेर गल्ली, गल्लीपलीकडे ओटा. दुपारी चारला त्या ओट्यावर बायका बसतात, भाजी निवडतात आणि गैरहजर माणसांना सोलतात. तिथे शालनची जागा आहे. ती अजून कुणी घेतलेली नाही, हे तिला नुसत्या आवाजांवरून कळतं. "मला माझ्या मनानं दारापर्यंत जायचंय," एवढंच तिचं मागणं होतं.

चाकांची खुर्ची मी दुकानातून आणून पाहिली. खुर्ची उत्तम होती, पण कार्डाशिवाय फिरत नव्हती. मी ढकलली, रिक्षावाल्याने ढकलली. चाकं नुसती आमच्याकडे बघत राहिली. दुकानदार म्हणाला, "काका, कार्ड आलं की आपोआप सैल होतात." कार्ड चाळीस टक्क्यांपासून पुढे मिळतं. त्यासाठी सरकारी दवाखान्यात दर बुधवारी मंडळ बसतं.

पहिल्या बुधवारी मी आणि रिक्षावाल्याने मिळून शालनला उचलून नेलं. मंडळात तीन डॉक्टर होते, त्यातला एक बोलायचा. त्याने शालनचा उजवा हात वर उचलला आणि सोडला. हात पडायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहिलं.

"सदतीस," तो म्हणाला.

"डॉक्टर, तीनच कमी पडताहेत."

"आम्ही फक्त मोजतो. द्यायचं काम खिडकी नंबर सहा."

खिडकी नंबर सहामध्ये कुलथेबाई बसल्या होत्या. कुलथेबाई माझ्या हाताखाली नऊ वर्षं होत्या. मी जिल्हा सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालो, त्याआधी.

"देवळेसाहेब," त्या म्हणाल्या, "वाढवून देता येत नाही. जिल्ह्याची बेरीज ठरलेली आहे. सगळ्यांचे मिळून दोन लाख अकरा हजार टक्के. त्यावर एक टक्का जात नाही."

"कुणी ठरवली?"

त्यांनी रजिस्टर फिरवून माझ्यासमोर धरलं. अक्षर माझंच होतं.

जिल्ह्यातल्या अपंगांचा तक्ता एकतीस मार्चला वर पाठवावा लागे आणि गावागावांतली माहिती जूनमध्ये येई. म्हणून पहिल्या वर्षी मी रकान्यात 'मागीलप्रमाणे' असं लिहिलं. वरून शाबासकी आली, तक्ता वेळेत आला म्हणून. पुढे दरवर्षी तेच लिहिलं. त्याला चूक म्हणता येणार नाही, ती कामाची पद्धत होती. माणसं जन्मली, मेली, झाडावरून पडली, पोलिओचे डोस आले, नवीन रस्ता झाला आणि त्यावर नवीन अपघात झाले. बेरीज हलली नाही. शेवटी माणसांनीच बेरजेला सांभाळून घ्यायला सुरुवात केली. आमच्या जिल्ह्यात कुणाची नजर अधू झाली की दुसऱ्या कुणाचं तरी लंगडणं थांबतं. मी नोकरीत असताना हे कानावर आलं होतं. मला वाटलं, योगायोग.

"मग मी चूक कबूल करतो," मी म्हणालो. "दुरुस्ती करून घ्या."

"दुरुस्तीवर मूळ अधिकाऱ्याची सही लागते. सेवेत असतानाची."

"तो मीच."

"तुम्ही सेवेत नाही, साहेब." कुलथेबाईंनी एक फॉर्म पुढे सरकवला. "कुटुंबांतर्गत वर्ग करता येतात. तुमच्याकडे थोडे असतील की. वयाचे."

आमच्यामागे रांगेत एक थोरला भाऊ धाकट्याला आपला तोतरेपणा देत होता. दिल्यावर तो धडाधड बोलू लागला आणि धाकटा बोट उंच करून त्याला थांबवायचा प्रयत्न करत होता. मी फॉर्म भरला. माझा गुडघा तीन टक्क्यांचा निघाला. इतकी वर्षं मी त्याला किमान दहाचा समजत होतो.

दुसऱ्या बुधवारी कार्ड घ्यायला गेलो तर कुलथेबाई म्हणाल्या, "चाळिसाच्या रांगेत जागा नाही."

"म्हणजे?"

"तक्त्यात चाळिसाची रांग आहे, साठाची आहे, ऐंशीची आहे. चाळिसाची भरलेली. साठाच्या रांगेत एक घर रिकामं झालंय, काल. ऐंशीच्या रांगेत भरपूर जागा आहे, तिथले लोक खिडकीपर्यंत येऊ शकत नाहीत."

शालन बाकावर बसून ऐकत होती. म्हणाली, "पूर्वी अपंग म्हणायचे, आता दिव्यांग म्हणतात. रांग बदलली की आणखी काही म्हणतील. चला घरी."

"थांब," मी म्हणालो.

माझ्याकडे वीस निघाले, बरोबर वीस. डोळ्यांचे सहा, कानांचे पाच, पाठीचे चार, हाताच्या थरथरीचे तीन, दातांचे दोन. कुलथेबाईंनी एकेक लिहून घेतलं आणि मी एकेक सही केली. पहिली सही वेडीवाकडी आहे, शेवटची छापल्यासारखी. सही झाल्यावर मी चष्मा आणि कवळी काढून शालनच्या ओंजळीत ठेवली. तिची अर्धीच ओंजळ होते, त्यात मावली.

घरी येताना रिक्षावाल्याला हात लावू दिला नाही. शालनला मी एकट्याने उचललं, गहू उचलावेत तसं, आणि पलंगावर ठेवलं. तिने माझा चष्मा लावून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मी तुम्हाला अशी दिसत होते?" तिने विचारलं.

"कशी?"

"काय म्हणालात?"

मी मोठ्याने विचारलं. तिने चष्मा काढला.

मला मात्र ती फार वर्षांनी स्वच्छ दिसली. आणि तिचं डावं कोपर दिसलं. कातडं सोललेलं, वर खपली, खपलीखाली जुनी खपली. मग फरशीवर पाहिलं. पलंगापासून दाराकडे एक फिकट पट्टा गेला होता, फरशी घासून घासून पांढरी झालेला. तो सहाव्या पावलाशी संपत होता.

"तू खाली उतरून सरपटतेस?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं. "कधी?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. चारच्या आत परत यावं लागतं ना, तुमचा चहा असतो."

त्या दुपारी मी झोपलो नाही. मला झोप येतच नव्हती, अंगात रग होती. मी माळा आवरला. पाणी भरलं. केस काळे व्हायला लागले होते. चार वाजता म्हणालो, "चल, तुला ओट्यावर नेतो. आता मीच उचलतो, खुर्ची कशाला हवी?"

मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "तुम्ही उचललंत की तुम्हाला जायचं असतं तिथे मी जाते." आणि भिंतीकडे तोंड केलं. पाठ वळवताना कण्हली. पाठ माझी होती, कुठे कळ येते ते मला ठाऊक होतं, पण आठवत नव्हतं.

तिसऱ्या बुधवारी मी तिला दवाखान्यापर्यंत उचलूनच नेलं. नवी खुर्ची दुसऱ्या हातात घेतली. जिना चढून मंडळासमोर उभा राहिलो तरी श्वास वाढला नव्हता. कार्ड हातात पडण्याआधी फेरतपासणी होती, नुसती औपचारिकता. डॉक्टरने कागद पाहिला, साठ. शालनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आजी, हा मुलगा का तुमचा?" त्याने मोठ्याने विचारलं.

"नवरा," शालन म्हणाली. "मागीलप्रमाणे."

आणि हसली. दीड वर्षात ती डाव्या ओठाने हसत असे. या वेळी उजवा कोपरा जरासा हलला. तांदळाच्या दाण्याएवढा. मी पाहिलं, माझे डोळे आता चांगले होते. मला तो कोपरा घेऊन तडक घरी जावंसं वाटलं.

डॉक्टरनेही पाहिलं. "सुधारणा," तो म्हणाला. "एक टक्का." आणि साठ खोडून एकोणसाठ लिहिलं.

खिडकी नंबर सहा जेवणासाठी एक वाजता बंद होते. पावणेएक झाला होता.

"एक हवाय," मी कुलथेबाईंना म्हणालो.

त्यांनी माझं पान काढलं. "तुमच्याकडे शून्य आहे, साहेब."

"शून्यातून एक वजा करता येत नाही?"

"येतो. उणे एक लिहावा लागेल." त्यांनी पेन खाली ठेवलं. नऊ वर्षांत माझ्यासमोर त्यांनी कधी पेन खाली ठेवलं नव्हतं. "उणेवाले परत दिसत नाहीत. आत्तापर्यंत तिघांनी लिहिलंय. तिघंही इथून धडधाकट बाहेर पडले."

शालनला यातलं काही ऐकू आलं नाही. ती खुर्चीत बसली होती आणि डाव्या हाताने चाक चाचपून पाहत होती. चाक अजून घट्ट होतं.

"लिहा," मी म्हणालो.

कुलथेबाईंनी लिहिलं. यंत्रातून कार्ड बाहेर आलं, कोमट, शालनचा फोटो असलेलं. त्यांनी ते एका कागदाला टाचून खिडकीच्या फळीवर ठेवलं. "इथे काळजी घेणाऱ्याची सही. स्वतःच्या हाताने, नुसतं नाव. मग चाकं सुटतील."

मी पेन उचललं आणि माझे पाय चालू लागले.

मी त्यांना चालायला सांगितलं नव्हतं. पाय निरोगी होते, थांबायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं. मी खांबाला वळसा घालून परत खिडकीशी आलो आणि जाता जाता 'न' लिहिला. दुसऱ्या फेरीत पाय व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. मी 'र' लिहिला. तिसऱ्या फेरीत शवागाराला वळसा घालून आलो. माझं नाव नरहर आहे. आईवडिलांनी ते आखूड ठेवलं याचं मला बरं वाटलं. 'ह' लिहिताना शालन म्हणाली, "अहो, बसून लिहा की."

"आलोच," मी म्हणालो. तोपर्यंत मी फाटकाबाहेर होतो.

चौथी फेरी एस.टी. स्टँडला घालून झाली. धाप लागत नव्हती, घाम येत नव्हता. परतलो तेव्हा कुलथेबाईंनी शटर अर्ध्यावर आणलं होतं. शटर आपोआप उतरतं, त्यांचा नाइलाज होता. मी खालून हात घालून शेवटचा 'र' लिहिला. पेन शालनच्या मांडीवर टाकलं आणि ओरडून सांगितलं, "रेघ राहिली. वरची रेघ मारली की झालं. धरून ठेव."

शिरोरेघेशिवाय सही ग्राह्य धरत नाहीत. तो नियमही माझाच. चार अक्षरं कागदावर सुटी सुटी उभी होती, कोणीही यावं आणि त्यातलं एखादं घेऊन जावं अशी.

पाचवी फेरी लांबली. नदीचा पूल आला, साखर कारखाना आला, जिल्ह्याची हद्द दाखवणारा दगड आला. दगडाशी पाय जरा घुटमळले आणि वळले. माझी नजर आता इतकी चांगली आहे की तिथूनही मला खिडकी दिसत होती. शटर वितीवर आलं होतं. शालनने डावा हात त्याच्याखाली घातला होता, सोललेलं कोपर फळीवर टेकून. पेन तिने माझ्या कवळीत धरलं होतं, टोक बाहेर, मी येताक्षणी घेता यावं असं. मी "आलो, आलो" असं सारखं ओरडत होतो. माझे कान तिच्याकडे होते आणि त्यांना लांबचं कधीच ऐकू येत नसे.

मी पुलावर आलो. फाटकातून आत आलो. व्हरांड्याच्या टोकाला आलो. पाय आणखी भरभर पडत होते. शालन माझा चष्मा लावून वाट पाहत होती, दुसऱ्याच बाजूला तोंड करून.