शेवटच्या वर्षी कप कसा धरायचे?

आमच्या काकांना सगळे नातेवाईक 'चौकशी खिडकी' म्हणायचे. पाट्या रंगवायचं काम सुटलं तसं त्यांनी घराण्याचा इतिहास शोधायचं खूळ डोक्यात घेतलं, आणि जिथे म्हणून आमच्या रक्ताचं माणूस आहे तिथे ते जाऊन धडकायला लागले. घराण्याचा इतिहास म्हटल्यावर लोक सावरून बसायचे. आपले पणजोबा किती करारी होते, कोणी कोणाला दारातून हाकलून दिलं, असं सगळं रंगवून सांगायचे. काका मान डोलवत ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "शेवटच्या वर्षी ते कप कसा धरायचे?"

म्हातारा चळला, असं सगळ्यांचं मत पडलं. एका चुलत आजीने तर मेलेल्या माणसाच्या कपबशीशी तुला काय करायचंय, म्हणून त्यांना चहा न देताच वाटेला लावलं. पण काका चिकट. शर्टाची बटणं स्वतः लावायचे का, जेवताना सांडायचे का, चालताना भिंतीला हात लावायचे का, चेहरा उगाच हलायचा का, हे विचारल्याशिवाय ते उठायचे नाहीत. मी घड्याळं दुरुस्त करते. डोळ्याला भिंग लावून बारीकसारीक गोष्टींत जीव घालवणं हा माझा धंदाच आहे, तरी मलासुद्धा त्यांचं हसू यायचं.

मागच्या हिवाळ्यात काकांच्या छातीने दगा दिला आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. दुकान बंद करून गेले. खोली एवढीशी, रंगाच्या डब्यांचा वास अजून तसाच. खाटेसमोर भिंतीला टेकवून प्लायवूडचा एक भला मोठा बोर्ड ठेवला होता. त्यावर त्यांनी आमचं अख्खं घराणं उतरवलं होतं, दुकानाच्या पाटीवर काढावं तशा सुबक अक्षरांत. बायकांसकट, लहानपणीच गेलेल्या पोरांसकट. अगदी तळाशी माझ्या भाचीचं, दादाच्या छकुलीचं, नाव होतं आणि त्याखाली थोडी मोकळी जागा. छकुलीला नुकतेच दिवस गेले होते.

हे आता तू सांभाळायचं, असं काका म्हणाले. मी म्हटलं, माझ्या दुकानाच्या भिंतीवर घड्याळं आहेत, तुमच्या पूर्वजांना कुठे टांगू? एरवी ते हसले असते. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि एकेका नावावर बोट ठेवत सांगायला लागले. त्यांचे आजोबा शिडीवरून पडून गेले. घरचे म्हणायचे, वेंधळा होता. त्यांची आत्या तोंडं वेडावते म्हणून तिला मागच्या खोलीत कोंडली; ती वेडी ठरली. त्यांचे वडील उतारवयाच्या आधीच नदीत बुडाले. ते तापट ठरले.

"प्रत्येकाला आपल्या माणसांनी वेगळा दोष लावला," काका म्हणाले. "कप मात्र सगळ्यांनी एकसारखाच धरला. दोन्ही हातांनी, आणि तरी सांडायचा." मग त्यांचं बोट माझ्या वडिलांच्या नावावर आलं. "तुझा बाप दारू प्यायचा नाही."

हे समजायला बाबांबद्दल थोडं सांगावं लागेल. दुकान त्यांचंच. त्यांच्यासारखा हात गावात कोणाचा नव्हता, असं अजूनही जुनी गिऱ्हाईकं सांगतात. मी शाळेत असताना तो हात बिघडायला लागला. चिमट्यातून स्क्रू उडायचे, काच फुटायची, मग चिडायचे. आई म्हणायची, चोरून पितो. वास कधी आला नाही. पण दुसरं काय असणार? एक दिवस तिला दुकानाच्या खणात बाटली सापडली आणि तिच्यापुरता निकाल लागला. तिने त्यांना घरात घेणं बंद केलं. बाबा दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायचे आणि तिथेच गेले. मी डबा द्यायला जायचे तो दारात ठेवून पळून यायचे, कारण दारुड्याची पोरगी म्हणून वर्गात माझी रोज टिंगल व्हायची. मी त्यांचा मनापासून राग केला. त्यांचं दुकान चालवते, त्यांचाच चिमटा वापरते, आणि तो राग मी आजवर जपून ठेवला होता.

त्यामुळे काकांचं वाक्य ऐकलं आणि खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आलं. माझा बाप चांगला माणूस होता, हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि कळलं तेव्हा शाळकरी पोरीसारखी टाळी वाजवायची तेवढी राहिली होती.

काकांचं बोट बाबांच्या नावावरून खाली, दादाच्या आणि माझ्या नावाकडे सरकलं होतं. मग माझं हसू आपोआप थांबलं. बाबा दारूने गेले असते तर ते त्यांच्याबरोबर संपलं असतं.

या दुखण्याला आता डॉक्टरांकडे नाव आहे, काका म्हणाले. आईबापांपैकी एकाला असलं की प्रत्येक पोरामागे छापा की काटा. तिशी-चाळिशीनंतर डोकं वर काढतं. औषध नाही, रक्त तपासून आहे की नाही एवढं कळतं. मी विचारलं, दादाचं लग्न झालं तेव्हा तुम्ही मांडीवर हात ठेवून गप्प का बसलात? तेव्हा मला दोघेच ठाऊक होते, माझा बाप आणि तुझा, ते म्हणाले. दोघांवरून कोणाचा संसार मोडायचा? स्वतः मात्र त्यांनी लग्न केलं नाही. आपल्यापाशी तरी थांबवावं म्हणून. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. म्हातारे, शिरा वर आलेले, पण एक बोट हललं नाही. उगाच घाबरून आयुष्य काढलं, असं ते म्हणाले. छकुलीला तू सांग, तुझं ती ऐकून घेईल, एवढंच त्यांनी मागितलं. पंधरवड्यात ते गेले.

बोर्ड मी दुकानात आणून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मनाशी म्हटलं, बाळ होऊ दे, मग बघू. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी चिमट्याने स्क्रू उचलायचे आणि उजेडात धरायचे. हलला नाही की शटर वर करायचे. रक्त तपासून घ्यायची हिंमत मला आजही नाही. काकांवर मात्र मी मनसोक्त चिडले. स्वतः मोकळे झाले आणि घोंगडं माझ्या गळ्यात टाकून गेले.

मग वहिनीचा फोन आला. दादाचं लक्षण ठीक नाही, म्हणाली. हातातून वस्तू पडतात, शब्द अडखळतात, विचारलं की अंगावर येतो. वास येत नाही, पण दुसरं काय असणार? हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की माझ्या हातातलं घड्याळ मी आधी नीट खाली ठेवलं.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले तर घरात झडती झाल्यासारखं दृश्य. कपाटं उघडी, चपलांचा रॅक ओढून मधोमध आणलेला, आणि टेबलावर बाटली. चपलांच्या मागे सापडली होती. वहिनी रडून थकली होती. छकुली पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. दादा खिडकीपाशी, दोन्ही हात काखेत दाबून.

मी बाटली उचलून बघितली. झाकणाचं सील तोडलेलं, आणि दारू गळ्यापर्यंत जशीच्या तशी.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी दादाला स्वयंपाकघरात घेऊन गेले. तो पीत नाही हे मला ठाऊक आहे, एवढंच म्हटलं. त्याने दार लोटून घेतलं.

"काकांनी मला कपाचं विचारलं तेव्हाच मी ओळखलं," तो म्हणाला. बोलताना त्याची जीभ जड पडत होती. "बाबांची ती खणातली बाटली मीच आणून दिली होती. त्यांनीच पाठवलं होतं. एकदाच. परत कधी मागवली नाही."

मला तेव्हा उलगडलं. ती बाटली बाबांनी सापडण्यासाठीच ठेवली होती. स्वतःच्या आत्याला कोंडलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, वडिलांना नदीतून काढलेलं पाहिलं होतं. दारुड्याच्या पोरांची लग्नं होतात. असल्या घरातल्या पोरांची होत नाहीत. म्हणून त्यांनी आईच्या शिव्या खाल्ल्या, मी दारात ठेवलेला डबा खाल्ला, आणि तोंड उघडलं नाही. आमच्या घरात बापाकडून पोराकडे आलेली खरी चीज हीच होती.

"मलाही तेवढं करू दे," दादा म्हणाला. "पोटुशी आहे ती. काय करणार आहे ऐकून?"

मला त्याचं पटलं, हे मी लपवत नाही. मी मान हलवली आणि आम्ही बाहेर आलो. दादा टेबलाशी जाऊन म्हणाला, हो, पितो मी, बरेच दिवस झाले. वहिनीने तोंड फिरवलं. छकुली मात्र रडली नाही. ती आमच्याच घरची, एकदा ठरलं की ठरलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आजोबांनीही हेच केलं ना? मग एवढंच सांगते. माझ्या बाळाला हात लावायचा नाही तुम्ही. माझ्याकडे यायचंही नाही."

दादाने मान डोलावली. हसल्यासारखं केलं, जणू त्याला हवं तेच मिळालं होतं. काखेत दाबलेले हात मात्र त्याला आता आवरेनात. शर्टाच्या आत काहीतरी जिवंत धरून ठेवल्यासारखी त्याची बाही हलत होती. आणि मला दुकानाची मागची खोली दिसली, दारातला डबा दिसला, तो उचलायला दोन्ही हात पुढे करणारे बाबा दिसले. मी पळत असताना एकदा मागे वळून ते पाहिलं होतं.

"तुझे आजोबा दारू प्यायचे नाहीत," मी म्हणाले. "थेंबसुद्धा नाही. आणि तुझा बापही पीत नाही. बाटली बघ, भरलेली आहे."

दादाने डोळे मिटून घेतले. छकुलीने बाटलीकडे बघितलं, मग बापाकडे, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. काकांच्या खाटेवर माझाही असाच उजळला असणार. खरंच ना आत्या, असं विचारत ती उठली आणि जाऊन बापाच्या गळ्यात पडली. मी खुर्ची ओढून बसले आणि ती परत फिरायची वाट बघायला लागले, कारण पुढचं तिला बसवूनच सांगायला हवं होतं.