साबणाचं रक्त

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो एक पाय उघडा टाकून बसलेला, आणि प्रत्येक उघड्या घोट्यावर हळदीचा लेप. मधल्या टेबलावर माझा दादा आडवा, आणि त्याच्या पायाशी साक्षात सांधेबुवा.

"जुना सांधा बाहेर, नवा आत!" बुवा गरजले. "ना सुरी, ना टाका! डॉक्टर लोखंड बसवतात, आपण देवाघरचा माल बसवतो. गंजत नाही, झिजत नाही!"

त्यांनी तीर्थात हात बुडवले, कापसाचा बोळा घेतला आणि दादाचा घोटा चोळायला सुरुवात केली. बघता बघता लेप लालभडक झाला. कुणीतरी किंचाळलं. बोळ्यातून बोटाएवढं वेडंवाकडं हाड निघालं, ते बुवांनी उंच धरलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा टेबलावरून उतरला आणि काठी न घेता दारापर्यंत चालत आला. वहिनी रडायला लागली. मी हाताची घडी घालून उभी होते, आणि खरं सांगते, मलाही काही सुचेना.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दादा बस चालवायचा. संधिवातानं त्याचा डावा घोटा पार खिळखिळा झाला, क्लच दाबताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा डेपोनं त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे तो दिवसेंदिवस सुकत चालला होता. आमच्या डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं होतं: हाडांची झिजलेली टोकं कापायची, तिथे धातूचे दोन भाग बसवायचे, मध्ये प्लास्टिकची चकती. घोटा हलता राहील, आणि सगळं ठीक झालं तर पुन्हा बसही चालवता येईल. तारीख मात्र पुढच्या वर्षाची.

ती तारीख दादानं रद्द करून टाकली.

"दादा, एक फोटो काढू या. दोन मिनिटांचं काम."

"अगं, माझं हाड मी माझ्या डोळ्यांनी बघितलं! हे बघ, डबीत ठेवलंय. आणि मी चालतोय. आणखी काय पाहिजे तुला?"

डेपोत भांडून तो पुन्हा बसवर चढला. शीळ घालत कामावर जायचा. घोटा कुरकुरला की बुवांकडे 'जोर भरायला' जायचा आणि ताजातवाना होऊन यायचा. मी बोलायला गेले की वहिनी म्हणायची, "तुझ्या तोंडात कधी शुभ शब्द नसतो."

काही महिन्यांनी बस डेपोत लावून तो खाली उतरला आणि तिथेच कोसळला. फोटो मीच काढला. पडद्यावर तोच जुना सांधा, जागच्या जागी. बाहेर काही निघालेलं नव्हतं. फक्त सांध्याखालचं हाड चुरा होऊन खाली बसलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "बुवांनी काही टोचलं होतं का?"

"छे हो. फक्त मंत्राचा काटा. टेबलावर घ्यायच्या आधी, घोट्यात."

"तो काटा म्हणजे इंजेक्शनची सुई. तिच्यातून भूल जात होती. स्टेरॉइडही असणार. दुखणं कळेनासं झालं, रोग तिथेच राहिला. तुम्ही मोडक्या घोट्यावर बस चालवलीत."

"चुकलं माझं. आता करा ते ऑपरेशन."

"नवा सांधा बसवायला खाली धड हाड लागतं. ते राहिलं नाही. आता घोटा स्क्रूंनी जखडून टाकायचा. चालता येईल, पण तो हलणार नाही."

"आणि क्लच?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मला दादाचा भयंकर राग आला होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

डबीतलं हाड डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. कोंबडीचं! ते बोळ्यात दडवलेलं असायचं. उरलं रक्त. त्याचा उलगडा घरी मोरीत झाला. दादाच्या मोज्यावरच्या हळदीच्या डागाला वहिनीनं साबण लावला आणि डाग लाल झाला. कपडे धुणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. हळदीला साबण लागो नाहीतर चुना, ती लालच होते. बुवांच्या तीर्थात चुन्याची निवळी होती. म्हणजे अक्षरशः चुना लावत होता की हो माणूस!

मी साबणाची ओली वडी घेऊन त्या दुकानात गेले. रांगेतल्या एका आजींना विचारून त्यांच्या लेपावर ती घासली. लाल!

"हे बघा तुमचं रक्त!" मी ओरडले. हाडाचं, काट्याचं, दादाचं, सगळं सांगितलं.

"बाईंच्याही हातात शक्ती उतरली!" बुवांच्या चेल्यानं आरोळी ठोकली. लगेच दोघा-तिघांनी आपापले पाय माझ्यापुढे केले. हसावं की रडावं!

आजींना मात्र सगळं समजलं होतं. लाल डाग पुसत त्या म्हणाल्या, "पोरी, तुझं खरं आहे गं. पण तुमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख कधीची मिळेल?"

"पुढच्या वर्षीची."

"आणि तोवर रात्री झोपायचं कसं?"

"गोळ्या मिळतात, पट्टा मिळतो. थोडं कमी होतं."

"थोडं," आजी म्हणाल्या, आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकल्या.

दादाचा घोटा जखडला. ऑपरेशन उत्तम झालं, त्याला आता दुखत नाही. शीळ मात्र बंद झाली. ते दुकान अजून भरलेलंच असतं, आणि आमच्याकडची तारीख अजून पुढच्या वर्षाचीच मिळते. दोन्हींवर माझ्याकडे इलाज नाही. तरी सांगते. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असं समजू नका. कुणी चमत्कार केला तर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि यातलं काहीच जमलं नाही, अगदी बुवांच्या टेबलावर जाऊन झोपलात, तरी हातातली तारीख तेवढी रद्द करू नका.