वडिलांची दुनळी बंदूक

“ताई, हात नको लावूस. घामानं डाग पडतात.”

तिने हात मागे घेतला. धाकटा भाऊ काचेचं कपाट उघडून वडिलांची दुनळी बंदूक पुसत होता. वडील गेले आणि बंदूक आपसूक मुलाकडे गेली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. इस्पितळात दिवसभर लोकांचे एक्स-रे काढून ती भावाकडे डोकावायची, आणि कपाट दिसलं की तिथेच थबकायची. या बंदुकीच्या धक्क्याने खांदा काळानिळा व्हायचा तो तिचा. भावाने एकही बार कधी उडवला नव्हता.

“एकदा दे ना मला,” ती म्हणाली. “नेमबाजीच्या मैदानावर उडवते आणि आणून देते.”

“वेडी आहेस का? असली बंदूक घडवणारे हात आता राहिले नाहीत. एक चरा पडला की संपलं!”

“बंदूक आहे ती, फुलदाणी नाही. बाबांनी कधी जपून ठेवली होती?”

“नाही ठेवली. तुझ्याबरोबर उडवली.” त्याचा आवाज चिरकला. “दर रविवारी तुम्ही दोघं निघायचात. मला म्हणायचे, तुझा हात कापतो, तू घरीच थांब. बाबा तुझ्या वाट्याला आले, ताई. माझ्या वाट्याला ही आली. तीही देऊ?”

आपण एकट्याच जळतोय, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

रविवारी तो स्वतःच बंदूक घेऊन मैदानावर आला. तिथल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने नळ्या उजेडात धरून पाहिल्या. “ठणठणीत आहे. पण जुनी आहे. हलकी काडतुसं घाला, दोन बार उडवा आणि पुरे करा.”

भावाने बंदूक तिच्यापुढे धरली. दस्त्याचा गुळगुळीत स्पर्श झाला आणि तिला ती सोडवेना. तरी तिने ती त्याच्या हातात परत दिली.

“आधी तू.”

मागे उभं राहून तिने दस्ता त्याच्या खांद्यात घट्ट बसवला. “गाल टेकव. श्वास सोड. आता.”

बार झाला. नेमासाठी हवेत उडवलेली मातीची चकती अख्खीच गवतात पडली. भाऊ लहान मुलासारखा हसला. “ताई, काय धक्का आहे गं!”

“आहे ना?” म्हणत तिने बंदुकीसाठी हात पुढे केला.

तो समोर बघत होता. दुसरी चकती उडाली तशी त्याने दुसरा बारही उडवला. चकतीचा भुगा झाला.

“लागला! ताई, पाहिलंस?”

“पाहिलं,” ती म्हणाली, आणि पुढे केलेल्या हाताने तिने त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.